‘‘डॉक्टर, जरा स्ट्राँग द्या!’’

दिवाळी जवळ आली की आमच्या इमारतीत दोन आवाज एकदमच सुरू होतात. एक तळणीत पडणाऱ्या चकल्यांचा आणि दुसरा खोकल्याचा. दुपारचा ऑक्टोबरी उकाडा, पहाटेचा गारवा, घरातली झाडलोट, तळणीचा खाट आणि वर फटाक्यांचा धूर! मग कोणाचा घसा धरतो, कोणाचे नाक वाहू लागते, आणि घरातले एखादे पोर रात्रभर खोकून सगळ्यांना जागे ठेवते. ऐन सणात अंथरुणात पडून राहणे कोणाला परवडणार? तेव्हा पावले आपसूक दवाखान्याकडे वळतात आणि तोंडातून ठरलेले वाक्य बाहेर पडते, ‘‘डॉक्टर, जरा स्ट्राँग द्या. सण तोंडावर आलाय.’’

हे वाक्य मी स्वतः किती वेळा म्हटले असेल याचा हिशेब नाही. त्या वाक्याची किंमत मला फार उशिरा कळली. ती कशी कळली तेच आज वाचकांना सांगायचे आहे.

गेल्या वर्षी वसुबारसेच्या आदल्या संध्याकाळी सहा वर्षांच्या नातवाला घेऊन मी आमच्या डॉक्टरांकडे गेले. आमचे डॉक्टर म्हणजे माझाच जुना विद्यार्थी. मी दादरच्या एका शाळेत पस्तीस वर्षे शास्त्र शिकवले. तेव्हा हा सातवीत शेवटून दुसऱ्या बाकावर बसत असे. आज त्याचे केस पिकले आहेत, पण मला तो अजून ‘बाई’ म्हणतो आणि मी चारचौघांत ‘डॉक्टर’ आणि एरवी ‘अरे’ म्हणते.

त्या दिवशी बाहेरची बाके भरून लोक दारापर्यंत उभे होते. आमचा नंबर सत्ताविसावा. दवाखाना जुना, तपासण्याची खोली आणि बाहेरची बाके यांच्यामध्ये प्लायवूडचा एक आडोसा, तोही छतापर्यंत न पोहोचणारा. त्यामुळे न ऐकायचे ठरवले तरी आतले बोलणे कानावर पडे. सात वाजता एक तरुण आई मुलाला घेऊन आत गेली. पाचसहा वर्षांचा मुलगा, वाहते नाक, चार दिवसांचा खोकला. डॉक्टरने तिला चांगली दहा मिनिटे समजावून सांगितले. हा विषाणूंचा आजार आहे, आपोआप बरा होईल. कोमट पाणी पाजा, झोपताना चमचाभर मध द्या, ताप आला तर तापाचे औषध द्या, अमुक दिसले तर लगेच घेऊन या. बाई समाधानाने गेली.

पुढे रांग सरकत राहिली. साडेआठ वाजले. हापिसची बॅग खांद्यावर टाकलेला एक गृहस्थ आत गेला आणि ते परिचयाचे वाक्य ऐकू आले, ‘‘डॉक्टर, उद्या गाडी आहे. जरा स्ट्राँग द्या.’’ क्षणभर शांतता, मग कागदावर पेन चालल्याचा आवाज. नऊ वाजता पुन्हा एक मुलगा आत गेला. तेच वय, तसेच नाक, तसाच खोकला. बरोबर आलेले वडील फारसे काही बोललेही नाहीत. पण तीन मिनिटांत ते चिठ्ठी घेऊन बाहेर आले आणि शेजारच्या केमिस्टकडे वळले. चिठ्ठीवर अँटिबायोटिक होते.

आमचा नंबर लागला तेव्हा साडेनऊ होत आले होते. त्याने नातवाला तपासले, छाती मोकळी असल्याचे सांगितले. मला राहवेना.

‘‘अरे, एक विचारू?’’

‘‘विचारा ना, बाई.’’

‘‘सातच्या मुलाला तू मध सांगितलास आणि नऊच्या मुलाला अँटिबायोटिक लिहिलंस. दोघांच्या आजारात फरक काय होता?’’

त्याने गळ्यातला स्टेथोस्कोप काढून टेबलावर ठेवला आणि खुर्चीत मागे रेलला.

‘‘फरक आजारात नव्हता, बाई. फरक दोन तासांचा होता.’’

खोकल्याचे खरे वेळापत्रक

पुढचे सांगण्यापूर्वी थोडे शास्त्र सांगते. सवय जात नाही!

आपल्याला होणारी पडशी, घसादुखी आणि ‘छातीत कफ झाला’ म्हणून आपण ज्याला म्हणतो तो साधा ब्राँकायटिस, यांतले बहुतेक आजार विषाणूंमुळे होतात. अँटिबायोटिक, म्हणजे प्रतिजैविक, हे विषाणूंवरचे औषध नव्हे. ते जिवाणूंवरचे औषध आहे. पेनिसिलिन घेतले तर ते जिवाणूला त्याची भिंत बांधू देत नाही, आणि भिंत नसली की जिवाणू फुटून मरतो. आजकाल घरोघरी नाव ठाऊक असलेले अॅझिथ्रोमायसिन हे जिवाणूंचा प्रथिने बनवण्याचा कारखाना बंद पाडते. विषाणूला ना अशी भिंत, ना स्वतःचा कारखाना. तो आपल्याच पेशीत शिरून आपल्याच सामग्रीवर वाढतो. त्याच्यावर या गोळ्या चालवणे म्हणजे पाहुणा पुढच्या दाराने आत आलेला असताना मागच्या दाराला कुलूप घालण्यासारखे आहे.

‘‘पण कफ पिवळा-हिरवा झालाय!’’ असे पुष्कळ जणी काळजीने सांगतात. तो रंग आपल्याच पांढऱ्या पेशींचा असतो. रोगाशी लढताना त्या तिथे जमतात. कफाच्या रंगावरून आजार जिवाणूंचा की विषाणूंचा हे ठरत नाही.

‘‘मग गोळ्यांनी बरे कसे वाटते?’’ हा खरा प्रश्न. अमेरिकेतल्या जॉर्जिया राज्यात काही संशोधकांनी लोकांना विचारले, खोकला किती दिवस टिकतो असे तुम्हांला वाटते? सरासरी उत्तर आले सात ते नऊ दिवस. मग त्यांनी खोकल्यावरची पूर्वीची संशोधने तपासून प्रत्यक्ष हिशेब काढला. तो निघाला जवळजवळ अठरा दिवस! २०१३ साली हे प्रसिद्ध झाले. म्हणजे आपण पाचव्या-सहाव्या दिवशी धीर सोडून दवाखाना गाठतो, तेव्हा आजार आपल्या ठरलेल्या वेळापत्रकाने अर्ध्या वाटेवरही आलेला नसतो. काही दिवसांनी तो उतरू लागतो आणि श्रेय जाते गोळ्यांना. कावळा बसायला आणि फांदी तुटायला एक गाठ पडावी तसे हे आहे. पुढच्या खेपेला आपण त्याच गोळ्या नावानिशी मागतो.

इथे एक गोष्ट मात्र आपल्या देशापुरती ध्यानात ठेवली पाहिजे. आपल्याकडे क्षय अजून गेलेला नाही. म्हणून खोकला दोन आठवड्यांहून जास्त राहिला तर थुंकी तपासून घ्यावी, हा सरकारी क्षयरोग कार्यक्रमाचा सल्ला योग्यच आहे. आणि खोकल्यावर वाटेल ती अँटिबायोटिके न घेण्याचे हे आणखी एक कारण आहे. लेव्होफ्लॉक्सासिनसारख्या गोळ्यांनी क्षय काही दिवस दबून राहतो आणि त्याचे निदान लांबते.

डॉक्टरच्या मनातले

‘‘हे सगळं तुला माझ्यापेक्षा चांगलं ठाऊक आहे,’’ मी म्हटले, ‘‘मग असं का?’’

तो म्हणाला, ‘‘बाई, लोकांना वाटतं डॉक्टरला कळत नाही म्हणून तो लिहितो. तसं फार थोड्या वेळा असतं. संध्याकाळी सहाला मी बसतो तेव्हा माझ्या अंगात समजावण्याची ताकद असते. नऊ वाजेपर्यंत पन्नास माणसं होऊन गेलेली असतात. ‘औषध नको’ हे पटवायला दहा मिनिटं लागतात. औषध लिहायला अर्धं मिनिट. बाहेर अजून वीस जण खोकत असतात.’’

मला वाटले, हे याच्या एकट्याचे दुखणे असेल. पुढे शोधून वाचले तेव्हा कळले की तसे नाही. बॉस्टन भागातल्या दवाखान्यांतल्या वीस हजारांहून जास्त भेटींच्या नोंदी तपासून २०१४ साली एक निबंध प्रसिद्ध झाला. दवाखाना उघडल्यापासून एकेक तास सरत गेला तसा सर्दी-खोकल्यावर अँटिबायोटिक लिहिण्याचा कल चढत गेला. दुपारच्या सुट्टीनंतर तो खाली आला आणि पुन्हा चढू लागला. आजार तेच, डॉक्टरही तेच. वाढला होता तो फक्त थकवा.

‘‘आणि दुसरं सांगू?’’ तो जरा थांबला. ‘‘दवाखाना सुरू केला त्या पहिल्याच वर्षी मी एका मुलाला साधं पडसं म्हणून घरी पाठवलं होतं. तिसऱ्या दिवशी त्याला न्यूमोनिया झाला, अॅडमिट करावं लागलं. वाचला. आता कॉलेजात आहे. पण उशीर झाला की प्रत्येक खोकला मला त्याच्यासारखा ऐकू येतो. सातला आलेल्या बाईला मी ‘परवा पुन्हा दाखवा’ म्हणू शकतो, ती येते हे मला ठाऊक आहे. नऊला आलेल्या माणसाला मी पूर्वी कधी पाहिलेलं नाही. तो परत येईल की नाही, मला काय माहीत?’’

‘‘पण त्याने तर काही मागितलंही नव्हतं!’’

‘‘नाही मागितलं. मला वाटलं, त्याला हवं आहे.’’

या ‘मला वाटलं’वरही संशोधन झालेले आहे. लॉस एंजलिसमधल्या बालरोगतज्ज्ञांच्या दवाखान्यांत एक पाहणी झाली, ती १९९९ साली छापून आली. विषाणूंचाच आजार असलेल्या मुलांबाबत, आईवडिलांना अँटिबायोटिक हवे आहे असे डॉक्टरांना वाटले तेव्हा त्यांनी ते शेकडा ६२ वेळा लिहिले. तसे वाटले नाही तेव्हा शेकडा ७ वेळाच! गंमत अशी की आईवडिलांची खरी अपेक्षा काय होती, तिचा लिहिण्याशी फारसा संबंध दिसला नाही. ती डॉक्टरांनी मनाशी ओळखली होती, आणि पुष्कळदा चुकीची ओळखली होती. समाधान होऊन घरी कोण गेले? ज्यांच्याशी डॉक्टर नीट बोलले ते. औषध मिळाले की नाही यावर ते समाधान अवलंबून नव्हते.

म्हणजे आडोशाच्या आत दोन माणसे समोरासमोर बसलेली असतात. एकाला वाटते याला औषध हवे आहे, दुसऱ्याला वाटते डॉक्टर देत आहेत त्या अर्थी लागत असेल. दोघेही विचारत नाहीत!

न्यू जर्सीचा रविवार

माझी धाकटी लेक न्यू जर्सीत राहते. तिला फोनवर हे सांगितले तर ती म्हणाली, ‘‘आई, इथेही तेच आहे. मागच्या हिवाळ्यात रविवारी संध्याकाळी छोटीला खोकला झाला. आमच्या नेहमीच्या डॉक्टरीणबाई रविवारी नसतात. म्हणून अर्जंट केअरला गेलो.’’

‘अर्जंट केअर’ म्हणजे तिकडचे वेळ न ठरवता जाता येणारे दवाखाने. संध्याकाळी आणि सुट्टीच्या दिवशी उघडे असतात. जिवावरचे दुखणे असेल तर हॉस्पिटल गाठायचे. पण उद्यापर्यंत थांबवत नाही असे काही असेल तर इथे यायचे. खोकला, घसा, कानदुखी, मुरगळलेला पाय, सगळे इथे येते.

लेक सांगत होती, ‘‘तासभर बसलो. आत एक अनोळखी तरुण डॉक्टर. दोन-तीन मिनिटं तपासलं आणि पाच दिवसांचं अँटिबायोटिक दिलं. घरी पोहोचेपर्यंत मोबाइलवर निरोप हजर, ‘आमची सेवा कशी वाटली? किती तारे द्याल?’ तो डॉक्टर आम्हांला पुन्हा कधी भेटणार नाही, आणि आम्ही त्याला.’’

तिकडच्या विमेदारांच्या २०१४ सालच्या नोंदींवरून केलेली एक पाहणी २०१८ साली प्रसिद्ध झाली. ज्या श्वसनाच्या आजारांत अँटिबायोटिकची मुळी गरजच नसते, अशा आजारांसाठी आलेल्या दर शंभर भेटींपैकी अर्जंट केअरमध्ये ४६ वेळा ते लिहिले गेले. हॉस्पिटलांच्या तातडीच्या विभागात २५ वेळा, आणि नेहमीच्या डॉक्टरांकडे १७ वेळा. तोच देश, त्याच प्रकारचे आजार. पण ओळखीचे दार आणि अनोळखी दार यांत एवढा फरक!

आपल्याकडे ‘अर्जंट केअर’ची पाटी सहसा दिसत नसेल, पण आपण प्रत्येक दवाखान्याचे तेच करीत चाललो आहोत. आमच्या लहानपणी एक डॉक्टर तीन पिढ्यांची नाडी ओळखत असे. आता तीन दिवसांत उतार पडला नाही की आपण डॉक्टर बदलतो. मग ज्याच्याकडे जातो त्याच्यापुढे आपण अनोळखी, आणि ‘‘आधीच्यांच्या औषधाने काही झालं नाही’’ हे आपले पहिले वाक्य! त्याने काय करावे?

पेनिसिलिनचे दिवस

याच गोळ्यांनी जीव वाचतात, हे मी विसरलेले नाही. माझ्या आजीचा एक मुलगा न्यूमोनियाने गेला, तो पेनिसिलिनच्या आधीचा काळ. ती त्याचे नाव फारसे घेत नसे. फक्त घरात कोणाची छाती भरली की देवापाशी बसून राही. पुढे माझ्या थोरल्या भावाला लहानपणी तोच आजार झाला, तेव्हा डॉक्टर रोज घरी येऊन पेनिसिलिनची इंजेक्शने देत. भाऊ उठून खेळायला लागला. आजीने त्या डॉक्टरांना सत्यनारायणाच्या प्रसादाला बोलावले होते, असे आई सांगे. पुण्याजवळ पिंपरीला १९५४ साली हिंदुस्थान अँटिबायोटिक्स ही सरकारी कंपनी स्थापन झाली आणि आपल्या देशात पेनिसिलिन होऊ लागले, याचा त्या पिढीला केवढा अभिमान!

अलेक्झांडर फ्लेमिंग यांना १९२८ साली लंडनला एका बुरशीत पेनिसिलिन सापडले. फ्लोरी आणि चेन यांच्याबरोबर त्यांना १९४५ साली नोबेल पारितोषिक मिळाले, तेव्हाच्या व्याख्यानात त्यांनी एक काल्पनिक गोष्ट सांगितली होती. एका गृहस्थाचा घसा दुखतो. तो पेनिसिलिन विकत आणतो आणि अपुरे घेतो. जंतू मरत नाहीत, उलट निर्ढावतात. मग तेच जंतू त्याच्या बायकोकडे जातात, तिला न्यूमोनिया होतो, पेनिसिलिन दिले तरी उपयोग होत नाही आणि ती मरते. घसा नवऱ्याचा, जीव बायकोचा गेला. ज्याने औषध शोधले त्यानेच ही सूचना पहिल्याच समारंभात दिली होती.

जंतू निर्ढावतात म्हणजे काय? आपल्या घशात, आतड्यात असंख्य जिवाणू नांदत असतात, त्यांतले बहुतेक निरुपद्रवी. विनाकारण घेतलेली गोळी विषाणूला काही करीत नाही, पण या जिवाणूंत धुमाकूळ घालते. मऊ असतात ते मरतात, टणक उरतात आणि वाढतात. एवढ्यावर थांबते तर बरे. पण जिवाणू एकमेकांना उत्तरे पुरवतात! परीक्षेत एका हुशार मुलाने चिठ्ठी लिहावी आणि ती सगळ्या वर्गात फिरावी, तसा औषधाला पुरून उरण्याचा गुण एका जातीच्या जंतूकडून दुसऱ्या जातीकडे जातो. आणि जंतू काही आपल्यापुरते राहत नाहीत. हातांवरून, पाण्यातून, एका घरातून दुसऱ्या घरात जातात. म्हणून रक्तदाबाची गोळी ज्याची त्याची असते, तशी अँटिबायोटिकची नसते. ती सार्वजनिक विहिरीसारखी आहे.

२०१९ या एका वर्षात औषधांना दाद न देणाऱ्या जिवाणूंमुळे जगात सुमारे १२ लाख ७० हजार माणसे दगावली, असा अंदाज आहे. त्यांतली सुमारे तीन लाख आपल्या देशातली.

‘आर’ची रांग

तीन लाख हा आकडा मोठा आहे, पण मला एकच माणूस डोळ्यांपुढे दिसतो.

काही वर्षांपूर्वी आमच्या ह्यांचे खुब्याचे हाड मोडले. शस्त्रक्रिया चांगली झाली. पाचव्या दिवशी थंडी वाजून ताप चढला. रक्तात जंतू सापडले. मग प्रयोगशाळेचा कागद आला. डावीकडे औषधांची नावे, उजवीकडे एकेक अक्षर. ‘एस’ म्हणजे हे औषध लागू पडेल. ‘आर’ म्हणजे जंतू याला जुमानत नाही. मी जन्मभर मुलांच्या उत्तरपत्रिका तपासल्या; पण असा कागद पाहिला नव्हता. वरून खाली आर, आर, आर. शेवटाकडे एक औषध उरले होते. ते मूत्रपिंडांना जड जाते, पण दुसरा इलाज नव्हता.

हे घरी आले. मूत्रपिंडांचे दुखणे मात्र कायमचे घेऊन आले. त्या रात्री मी औषधांचा खण उघडला. त्यात अर्ध्या-पाऊण संपलेल्या अँटिबायोटिकच्या पाकिटांची रास होती. कोणाचा घसा, कोणाचे पडसे, दोन दिवसांत बरे वाटले म्हणून सोडलेल्या, पुढच्या वेळी उपयोगी पडतील म्हणून जपून ठेवलेल्या. त्या गोळ्यांमुळेच हे झाले असे कोणी सिद्ध करू शकणार नाही. तो जंतू कोठून आला कोणास ठाऊक. पण त्या खणातले किती ‘स्ट्राँग’ मी स्वतः मागून आणले होते, ते मला ठाऊक होते.

भिंतीवरचे पत्र

यावर उपाय? कायदे आहेत. मार्च २०१४ पासून निवडक ४६ औषधांसाठी, त्यांत अनेक अँटिबायोटिके आली, केमिस्टने वेगळी वही ठेवावी असा नियम आहे. २०१६ पासून ‘पाकिटावर लाल रेघ असेल तर डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय घेऊ नका’ अशी मोहीमही सुरू झाली. अँटिबायोटिक का देत आहोत ते कारण चिठ्ठीवर लिहा, असे आवाहन केंद्राच्या आरोग्यसेवा महासंचालकांनी जानेवारी २०२४मध्ये डॉक्टरांना केले. पण वही, रेघ आणि आवाहन यांची हद्द दवाखान्याच्या दाराशी संपते. आतल्या दोन माणसांचे काय?

याबाबत लॉस एंजलिसमध्ये एक साधा प्रयोग झाला. काही डॉक्टरांनी तपासण्याच्या खोलीत एक मोठे पत्र लावले. ‘गरज नसताना मी अँटिबायोटिक देणार नाही, त्याने तुमचा फायदा न होता अपायच होईल,’ अशा अर्थाचे वचन, खाली डॉक्टरचा फोटो आणि सही. बारा आठवड्यांत त्यांचे अनावश्यक लिहिणे शेकडा ४४वरून ३४वर आले. ज्यांनी पत्र लावले नव्हते त्यांचे त्याच काळात ४३वरून ५३वर गेले! २०१४ साली हे प्रसिद्ध झाले. इंग्लंडमध्ये त्याच वर्षी तिथल्या मुख्य वैद्यकीय अधिकाऱ्यांनी, सर्वांत जास्त अँटिबायोटिके लिहिणाऱ्या डॉक्टरांना ‘तुम्ही शेजाऱ्यांपेक्षा जास्त लिहिता’ एवढेच कळवले. तेवढ्यानेही त्यांचे प्रमाण शेकडा तीनाने उतरले. पत्राची गंमत अशी की बोलायला अवघड ते भिंत बोलून टाकते.

हे मी आमच्या डॉक्टरला सांगितले. तो हसला. ‘‘बाई, असं पत्र लावलं तर निम्मे पेशंट समोरच्या दवाखान्यात जातील.’’

‘‘जाऊ देत. उरलेल्यांना तू दहा मिनिटं देशील.’’

त्याने फळ्याकडे पाहावे तसे माझ्याकडे पाहिले. मी घरी जाऊन ड्रॉइंग पेपरवर मोठ्या अक्षरांत लिहिले: ‘खोकला बरा व्हायला दोन-तीन आठवडे लागू शकतात. अँटिबायोटिक लागेल तेव्हा मी ते नक्की देईन. लागणार नाही तेव्हा देणार नाही. शंका असेल तर अवश्य विचारा.’ भाऊबीजेच्या दुसऱ्या दिवशी त्याने खाली सही केली आणि ते भिंतीवर लावले.

वर्ष झाले. काही पेशंट गेले, तो कबूल करतो. रात्री नऊनंतर पेन अजून कधीकधी हाताबाहेर जाते, हेही कबूल करतो. पण परवा सांगत होता, ‘‘एक गृहस्थ आले, भिंतीवरचं वाचलं आणि म्हणाले, ‘मला गोळ्या नकोच होत्या, डॉक्टर. न्यूमोनिया तर नाही ना, एवढंच विचारायचं होतं.’ अशी किती माणसं मी गोळ्या देऊन पाठवली असतील, बाई?’’

आपण काय म्हणावे

तेव्हा या दिवाळीत दवाखान्यात गेलात तर ते जुने वाक्य बदलून पाहा. ‘‘डॉक्टर, अँटिबायोटिक लागत असेल तरच द्या. लागत नसेल तर काय दिसलं की परत यायचं ते सांगा.’’ समोरच्या दमलेल्या माणसाच्या मनावरचे केवढे ओझे या दोन वाक्यांनी उतरते ते पाहाच.

आणि परत केव्हा यायचे ते प्रत्येक आईला, आजीला ठाऊक हवे. मूल शांत असताना त्याचा श्वास पूर्ण एक मिनिट मोजावा. दोन महिन्यांखालच्या बाळाचा ६० किंवा जास्त, दोन महिने ते एक वर्षापर्यंत ५० किंवा जास्त, एक ते पाच वर्षांपर्यंत ४० किंवा जास्त भरला. श्वास घेताना बरगड्यांखाली छाती आत ओढली जाऊ लागली. मूल पिईनासे झाले, मलूल पडले किंवा ओठ निळसर दिसले, तर रात्र असो की लक्ष्मीपूजन असो, तडक डॉक्टर गाठावा. तिथे थांबणे चूक आहे. मोठ्या माणसांनाही धाप लागली, छातीत दुखू लागले, किंवा उतरलेला ताप पुन्हा चढला तर दाखवावे. मध वर्षाखालच्या बाळाला मुळीच देऊ नये. आणि डॉक्टरांनी अँटिबायोटिक दिलेच, तर ते सांगितले तसे, सांगितले तितके दिवस घ्यावे. ना स्वतःच्या मनाने सोडावे, ना शेजारणीला द्यावे, ना खणात जपून ठेवावे.

आमच्या नातवाचा गेल्या वर्षीचा खोकला विसाव्या दिवशी गेला. मधे दोन आठवडे उलटले तेव्हा डॉक्टरने त्याला पुन्हा बोलावून नीट तपासले होते, घरात क्षयाचे कोणी नाही ना तेही विचारले होते. पण तोवरचे दिवस मी काळजीत काढले नाहीत असे नाही. रात्री तो खोकत उठला की मी दिवा लावून त्याचे श्वास मोजत बसे. एकदा ह्यांनी विचारले, ‘‘काय करते आहेस?’’

म्हटले, ‘‘मोजते आहे. अठ्ठावीस. झोपा तुम्ही.’’

वाचकांना ही दिवाळी सुखाची आणि निरोगी जावो!